आंबेतचा पूल

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात माझे दोन जबाब नोंदले गेले. पहिला १६ जून २०२० ला, दुसरा १८ जूनला. पहिल्या जबाबानुसार माझे वडील २ मेपासून माणगावला माझ्या बहिणीकडे होते. दुसऱ्यानुसार ते १६ मेच्या रात्रीपर्यंत भांडुपच्या चाळीत होते. दुसरा जबाब खरा.

कोविडची टाळेबंदी चालू होती. वडील तेव्हा ७६ वर्षांचे होते. दमा जुना, साखर वाढलेली. चाळीत आमच्या मजल्यावर २२ खोल्या आणि संडास चार. मेच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या खोलीतले काका तापाने गेले. मग शेजारची दोन माणसं रुग्णवाहिकेतून नेली, आणि गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले. बाबा रात्री तीन वाजता उठून संडासला जायचे, कारण तेव्हा रांग नसायची. मी दाराशी उभा राहून ते परत येईपर्यंत मिनिटं मोजायचो.

गावी मंडणगड तालुक्यात आमचं घर आहे. कौलारू, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि स्वतःचा संडास. पोलिसांच्या संकेतस्थळावर मी ई-पाससाठी दोनदा अर्ज केला. पहिला डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही म्हणून गेला. आमच्या डॉक्टरांनी मार्च संपता संपता दवाखाना बंद केला होता. दुसरा गेला तो आम्ही प्रतिबंधित क्षेत्रात राहतो म्हणून. ज्या कारणासाठी मला बाबांना तिथून काढायचं होतं, त्याच कारणासाठी पास नाकारला गेला होता. त्या नियमाला मी तेव्हाही मूर्ख म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. मुंबईतून निघालेला प्रत्येक जण आजार गावी नेऊ शकत होता. पण समोरच्या काकांच्या खोलीला लागलेलं कुलूप बाबा दिवसभर बघत बसायचे, आणि मी बाबांना बघत बसायचो.

वाशीचा बाजार त्या आठवड्यात बंद होता. दापोली-मंडणगडकडचे बागायतदार आंबा थेट सोसायट्यांत उतरवत होते आणि टेम्पो रिकामे क्रेट घेऊन परत जात होते. अशा एका टेम्पोवाल्याची ओळख निघाली. १६ मेच्या रात्री अकराला आम्ही निघालो. पत्र्यांच्या मागून, दोन गटारं ओलांडून बाबांना हाताला धरून नेलं. टेम्पोत क्रेटच्या दोन रांगांमध्ये जागा केली, खाली गोधडी, वर ताडपत्री. मी पुढे बसलो.

पनवेल, पेण, वडखळ, माणगाव. माणगाववरून जाताना बहिणीच्या घराकडे जाणारा फाटा दिसला. टेम्पो थांबला नाही. पुढे टोळ फाट्याला आत वळलो आणि सावित्रीवरचा आंबेतचा पूल ओलांडला. पुलाच्या अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. म्हाप्रळच्या नाक्यावर हवालदाराने टॉर्च मारला. टेम्पोवाल्याने मालवाहतुकीचा परवाना दाखवला आणि मी सांगितलं, "हमाल आहे, माल उतरवायला गेलो होतो." टॉर्च मागे फिरला. ताडपत्रीखाली बाबांना खोकला येत होता आणि त्यांनी टॉवेल तोंडात कोंबला होता, हे मला नंतर कळलं. टेम्पो सुटला.

तिथपर्यंतचं सगळं मी पुन्हा करेन. कोर्टात विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

पहाटे साडेपाचला वाडीच्या तोंडाशी पोचलो. रस्त्यावर बांबू आडवा होता. ग्राम कृती दलाची तीन मुलं तोंडाला रुमाल बांधून खुर्च्यांवर होती. तिघेही आमच्या भावकीतले. एकाने वही उघडली आणि विचारलं, "दादा, कुठनं आलात?"

गावाने ठरवलेलं असं होतं, की मुंबईहून थेट आलेल्याने १४ दिवस मराठी शाळेत राहायचं आणि जवळपासच्या तालुक्यातून आलेल्याने स्वतःच्या घरात. शाळेत तेव्हा ३१ माणसं होती आणि संडास दोन. ज्या रांगेतून बाबांना सोडवलं, तीच रांग पुन्हा दिसली. मी म्हणालो, "माणगावहून. ताईकडे होतो. दोन तारखेपासून." हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. रात्री पाहिलेला तो फाटा तोंडात आला. मुलाने वहीत लिहिलं, बांबू उचलला आणि बाबांना म्हणाला, "काका, दमलात ना? जावा घरी."

दोन तासांनी मी बहिणीला फोन करून सांगितलं की कुणी विचारलं तर असं असं सांग. ती एकच वाक्य बोलली, "बाबा पोचले ना?"

गावातल्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य स्वयंसेविका, ही आमच्या चुलतभावाची बायको. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावजी म्हणते. कोविडच्या कामाचे तिला महिन्याला १,००० रुपये जास्तीचे मिळत होते. त्यावर ती तीन वाड्या फिरायची. मुंबईहून आलेल्यांच्या घरी ती पायरीवर उभी राहून लांबूनच विचारपूस करायची. आमच्याकडे मात्र पडवीत आत आली. वहीत माणगाव लिहिलेलं होतं, २ तारीख होती, म्हणजे तिच्या हिशेबाने १५ दिवस सुखरूप गेलेले. बाबांच्या बोटाला तिने ऑक्सिमीटर लावला, त्यांची थरथरणारी बोटं स्वतःच्या हातात धरून. १९ तारखेला आली, २२ ला आली, २५ ला आली. प्रत्येक वेळी तोंडाला साधा कापडी मास्क. प्रत्येक वेळी मी तिथेच उभा होतो. तिसऱ्या वेळी तिने मुलीने केलेल्या आंबोळ्या आणल्या होत्या. तेव्हा मला सांगायचं होतं. आता सांगितलं तर आधीचं का लपवलं हे सांगावं लागेल, म्हणून गप्प बसलो.

२६ ला बाबांना ताप आला. आमच्याकडचे नमुने तेव्हा मिरजेला जात, त्यामुळे अहवाल यायला वेळ लागायचा. ३० तारखेला तो पॉझिटिव्ह आला. बाबांना कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात ऑक्सिजन लावला. माझा नमुना घेऊन मला शाळेत नेलं. आणि दुसऱ्या दिवशी वहिनी, भाऊ, त्यांची दोन मुलं, सासू-सासरे अशी सहा माणसं त्याच शाळेत, पलीकडच्या वर्गात आली. भाताच्या पेरणीचे दिवस होते. मृग तोंडावर आला होता.

पुढे जे झालं ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्याला लागलं. मंडणगड आणि दापोलीला त्याने झोडपलं. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे होतो. समोरच्या उतारावर वाडी दिसते. माडाची झाडं जमिनीला टेकून परत उठत होती, काही उठत नव्हती. ज्यांच्या घरात माणसं होती, ते कौलांवर दोर टाकत होते, दाराला आतून खाटा लावत होते. वहिनींच्या घरात कुणी नव्हतं. आधी पन्हळ गेली, मग कोन्याची कौलं, मग एका झोतात अर्धं छप्पर. माळ्यावर बियाण्याचं भात ठेवलेलं होतं. भाऊ धावत निघाला तर शाळेच्या फाटकाशी कृती दलाच्या मुलांनीच त्याला धरून मागे आणलं. तो ओरडत नव्हता. वहिनी व्हरांड्याच्या खांबाला धरून घराकडे बघत होती. मी तिच्यापासून १५ हातांवर होतो.

वादळाआधीच आरोग्य खात्याची माणसं संपर्क शोधत माणगावला बहिणीच्या घरी गेली होती. तिने माझंच सांगितलं. तिच्या आठ वर्षांच्या मुलाने मात्र सांगितलं, "मामा आणि आजोबा आलेच नाहीत." दरम्यान ज्या माणसाबरोबर मी साडेसहा तास एका केबिनमध्ये बसलो होतो, त्या टेम्पोवाल्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मी त्याला गुपचूप फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आता मी कुठे जाऊन काय सांगू तपासणी करा म्हणून?" त्याच्या घरात त्याची गरोदर बायको होती. त्यांना काही झालं नाही. पण त्याच्या पुढच्या फोनपर्यंत मी रोज रात्री जे मोजत होतो, ते बाबांचा ऑक्सिजन किती हे नव्हतं.

वहिनींच्या घरातल्या सहाही जणांचे नमुने निगेटिव्ह आले. माझाही. म्हणजे माझ्या खोटेपणाने आजार कुणाला दिला नाही. छप्पर मात्र गेलं, बियाणं भिजून कुजलं, आणि त्या वर्षी त्यांनी उसनं बियाणं घेऊन उशिरा लावणी केली.

शाळेतून सुटलो, आणि गुन्हा दाखल झाला. भारतीय दंड विधानाचं कलम १८८, म्हणजे सरकारी आदेश मोडणं. कलम २६९, निष्काळजीपणाने आजार पसरेल असं वागणं. शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१. १६ जूनला ठाण्यात बसलो तेव्हा माझ्या मनात एकच होतं, बहीण खोटी पडू नये. म्हणून पुन्हा माणगाव सांगितलं. म्हणजे आता मी बाबांना वाचवत नव्हतो, आधीच्या खोट्याला वाचवत होतो. लिहून घेणारे पोलीस नाईक वयाने माझ्याएवढेच. त्यांनी सगळं लिहून वाचून दाखवलं आणि म्हणाले, "तुमच्या बहिणीलाही बोलवावं लागेल मग. सही करताय?" मी सही केली.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे लागली. पहाटे जाग आली ती बाबांच्या फोनने. त्यांना वॉर्डातून सोडणार होते. आवाज खोल गेलेला, पण स्वच्छ. त्यांनी विचारलं, "त्या पोरीचं छप्पर घातलं का रे?" त्यांना वादळाचं कुणी सांगितलं होतं, शाळेचंही. त्यांना सगळं माहीत होतं, म्हाप्रळपासून वहीपर्यंत.

१८ तारखेला मी आपण होऊन गेलो आणि खरं सांगितलं. टेम्पोवाल्याचं नाव विचारलं तेव्हा म्हणालो, "ते मी सांगणार नाही." नाईक म्हणाले, "असं चालत नाही." मी म्हणालो, "माहीत आहे. पण खोटं नावही देणार नाही." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

तालुक्यातल्या ज्या वकीलबाईंनी माझं काम पाहिलं, त्या पहिल्या भेटीतच म्हणाल्या की गप्प बसणं आणि खोटं बोलणं या कायद्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणी भाग पाडू शकत नाही. पोलिसांनी विचारलेल्या ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपण गुन्ह्यात अडकू, त्याचं उत्तर न देण्याची मुभा तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. पण बोलायचं ठरवलं तर खरंच बोलावं लागतं. टेम्पोवाल्याच्या बाबतीत मात्र माझ्या गप्प बसण्याला तेवढा आधार नव्हता, कारण अडकणार होता तो.

मी त्यांना विचारलं, जीव वाचवायला कायदा मोडला तर कायद्यात काहीच जागा नाही का? त्यांनी दंड विधानाचं कलम ८१ वाचून दाखवलं. (आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १९ झालंय.) गुन्ह्याचा हेतू नसताना, दुसरी हानी टाळण्यासाठी, सद्भावनेने केलेलं कृत्य केवळ त्यातून हानी होण्याचा संभव होता म्हणून गुन्हा ठरत नाही. मला वाटलं हे माझ्यासाठीच लिहिलंय. मग त्यांनी पान मागे उलटून कलम ५२ दाखवलं. योग्य ती काळजी आणि दक्षता न घेता केलेलं काहीही सद्भावनेने केलेलं धरत नाहीत.

"१६ तारखेच्या रात्री तुम्ही काळजी घेतलीत?"

"घेतली. मास्क होते, बाबा वेगळे बसले होते, वाटेत कुठे उतरलो नाही."

"आणि १७ तारखेपासून?"

मी काही बोललो नाही.

"न्यायाधीश १७ तारखेवरून १६ तारीख वाचतील," त्या म्हणाल्या. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे कृत्यानंतरचं वागणंही बघितलं जायचं. जो माणूस काळजीपोटी निघाला म्हणतो, तो पोचल्यावर ज्यांना धोका आहे त्यांनाच अंधारात ठेवतो, तर पहिल्या काळजीवर विश्वास कसा बसायचा? पण लगेच त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. १९८४ च्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की आरोपीचं खोटं स्पष्टीकरण हे पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, बाकी साखळी पूर्ण असेल तरच ती एक जास्तीची कडी होते. खोटं माणूस भीतीनेही बोलतो, हे कोर्टालाही ठाऊक असतं.

मी त्या दोन गोष्टी कित्येक महिने मनात घोळवत राहिलो. वकीलबाईंचा प्रश्न कोर्टाचा होता, माझा निराळा होता. १७ तारखेच्या खोट्याने १६ तारखेची रात्र चुकीची ठरते का? मला अजूनही वाटतं, नाही ठरत. त्या रात्री बाबांना तिथे सोडणं चूकच झालं असतं. म्हाप्रळच्या नाक्यावरचं खोटंही मी त्या रात्रीतच धरतो. ते नसतं तर प्रवास झाला नसता आणि त्याचा धोका मी आणि टेम्पोवाला दोघांनी समजून उचलला होता.

पण बांबूपाशी बोललो ते त्या रात्रीचं नव्हतं. आदेश मी सरकारचा मोडला होता. फसवलं मात्र वहिनीला, जिने बाबांची बोटं हातात धरली. तिला निवडच मिळाली नाही. आणि मला आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली. आमच्या आधी आठवडाभर वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांना कृती दलाने शाळेऐवजी घरीच राहू दिलं होतं. ते मुंबईहूनच आले होते. दारावर खूण करून, जेवण पायरीवर ठेवून. त्यांच्या मुलांनी बांबूपाशी उभं राहून विनवलं होतं की आमचा बाप शाळेत टिकणार नाही. माझ्याकडे तेच कारण होतं, त्यांच्याहून बळकट. मी ते कुणाला सांगितलंच नाही. खोटं बोललो आणि माझं खरं कारण माझ्याजवळच राहिलं.

आमच्या कोकणात शिरोड्याला १९३० साली लोकांनी मिठाचा कायदा मोडला तो दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आणि पुढच्या लाठ्या व तुरुंग पत्करून. माझं कृत्य त्या जातीचं नव्हतं आणि मी तसा आवही आणत नाही. घरच्या माणसासाठी कायदा मोडणारा बहुतेक वेळा अंधारातच मोडतो, त्याला इलाज नसतो. पण अंधारातून बाहेर आल्यावर तरी कुणाला तरी सांगावं लागतं की मी हे केलं आणि या कारणासाठी केलं. मी ते महिनाभर टाळलं आणि तेवढ्यात सहा माणसांचं छप्पर गेलं.

तारखा पडत राहिल्या. कलम १८८ च्या बाबतीत सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार थेट कोर्टापुढे लागते, नुसत्या पोलिसांच्या कागदांवर कोर्ट दखल घेत नाही, यावर दोन तारखा गेल्या. मी गुन्हा कबूल करायचं ठरवलं होतं. वकीलबाईंना ते पसंत नव्हतं, पण मी काय बोलणार ते एका कागदावर लिहून ठेवलं होतं. मग २०२२ साली सरकारने टाळेबंदीतले कलम १८८ चे खटले मागे घेण्याचं जाहीर केलं आणि काही महिन्यांनी आमचंही प्रकरण निघालं. बाकीची कलमंही त्याबरोबर गेली. सरकारी वकिलांनी अर्ज दिला, कोर्टाने परवानगी दिली, सगळं मिळून दहा मिनिटं लागली नाहीत. घरच्यांनी पेढे आणले. तो कागद माझ्या खिशातच होता. मला जे बोलायचं होतं त्याची कुणाला गरज उरली नव्हती.

वहिनीला मी २०२० च्या जूनमध्येच सांगितलं होतं, दुसरा जबाब देऊन परत येताना. घरावर निळी ताडपत्री होती, खाली भाऊ वासे ठोकत होता. मी अंगणातच उभा राहून सगळं सांगितलं, तारखांसकट. भाऊ हातोडी खाली ठेवून घरात निघून गेला. तो आजही माझ्याशी कामापुरतं बोलतो. कौलांचे पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत. वहिनी मात्र ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "भावजी, मुंबईचं सांगितलं असतंत तरी मी आले असते. काकांकडे आलेच असते. पायरीवर उभी राहिले असते, हातमोजे घातले असते, एवढंच."

२०२१ च्या एप्रिलअखेर बाबांचा लशीचा दुसरा डोस होता. पुन्हा जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. या वेळी कारण वैद्यकीय होतं, कागद पूर्ण होते, पास मिळाला. म्हाप्रळला तो दाखवून आम्ही गावी पोचलो. संध्याकाळी वहिनी वही घेऊन आली आणि पायरीवर उभी राहिली.

"कुठनं आलात भावजी?"

"भांडुपहून. आज सकाळी निघालो."

"पास बघू."

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने तारीख वाचली, निघण्याचं ठिकाण वाचलं, मग वहीत लिहिलं. बाबा पडवीतून म्हणाले, "ये ना गं आत." ती म्हणाली, "चौदा दिवसांनी येते, काका," आणि खाली उतरून पुढच्या घराकडे गेली.